हेल्मेटला लावू की हँडलला? स्वस्तातल्या कॅमेऱ्याबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी फक्त कॅमेऱ्याचे प्रश्न घेतलेत, इंजिन ऑइल आणि चेन-स्प्रॉकेटवाल्यांनी जरा थांबा, पुढच्या अंकात तुमचा नंबर. बहुतेकांचं बजेट दहा हजाराच्या आत आहे आणि बहुतेकांनी कुठला घेऊ एवढंच विचारलंय, कशासाठी हवाय ते लिहिलेलंच नाही. राइडची आठवण म्हणून शूट करायचं असेल तर वस्तू वेगळी, उद्या कुणी ठोकलं तर पुरावा हवा म्हणून असेल तर वस्तू वेगळी. दोन्ही एकात बसवायला गेलं की धड हे नाही आणि धड ते नाही. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : दादा, मी कराडचा. रोज स्प्लेंडरवर तासवडे एमआयडीसीला जातो आणि सुट्टीला मित्रांबरोबर पाटण, कोयनानगर, बामणोली साइडला. बजेट ८-९ हजार. दुकानदार साडेतीन हजारात फोर के, वॉटरप्रूफ, वायफायवाला कॅमेरा देतोय, मित्र म्हणतो त्यापेक्षा जुना गोप्रो घे. आणि लावायचा कुठे, हेल्मेटला का हँडलला?

शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण त्याला पैसे लागत नाहीत. फिरण्याचे व्हिडिओ करायचे असतील तर हेल्मेट. आणि हेल्मेटवर पण टाळूवर शेंडीसारखा नाही, पुढे हनुवटीच्या भागावर. हँडलला लावला की खड्डे तर बसतातच पण इंजिनची थरथर सरळ लोखंडातून कॅमेऱ्यात जाते. सिंगल सिलिंडर इंजिन ४००० आरपीएमला फिरतंय म्हणजे सेकंदाला साधारण ६६ फेऱ्या, तेवढे झटके, आणि स्वस्त कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम उचलत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत येतो, एक फ्रेम वाचून होईपर्यंत कॅमेरा वरखाली होऊन गेलेला असतो. मग विजेचे खांब लपलपायला लागतात. याला जेली इफेक्ट म्हणतात आणि कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हे नीट काढू शकत नाही, ते अख्खी फ्रेम इकडची तिकडे सरकवून स्थिर करतं, फ्रेमच्या आत जी लाट आलीय ती तशीच राहते. डोक्यावर असला की सीट, कंबर, मान यातून वर येईपर्यंत बारीक थरथर बरीचशी मरते. शिवाय वळणावर तुम्ही जिकडे बघता तिकडे कॅमेरा बघतो, हँडलवाला मात्र हँडलच्या तोंडाने बघतो आणि अर्ध्या चित्रात क्लचची केबल.

तुमचं हेल्मेट हाफ फेस असेल तर हनुवटीला जागाच नाही, मग छातीवरचा पट्टा बघा. त्यात मीटर, टाकी, हात सगळं येतं, घाटात छान दिसतं, फक्त कॅमेरा जरा वरच्या अँगलला ठेवा, नाहीतर तासभर टाकीच शूट होते. पण तेवढ्यासाठी का होईना फुल फेस हेल्मेट घ्या असं मी म्हणेन, आणि ते या ८-९ हजारातूनच घ्या, कॅमेरा दोन महिने उशिरा आला तरी चालेल.

आता साडेतीन हजारवाला. त्या खोक्यावर फोर के लिहिलंय ते सरळ मान्य करू नका. फोर के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाख पिक्सेल. सेन्सर तेवढ्या पिक्सेलचाच नसेल तर आतलं सॉफ्टवेअर छोटं चित्र ताणून मोठं करतं आणि फाइलवर फोर के लिहून मोकळं होतं. दुकानातच तपासता येतं. समोरच्या दुकानाची पाटी आधी १०८०ला (म्हणजे फुल एचडी, १९२० गुणिले १०८०) शूट करा, मग फोर केला, दोन्ही कॉम्प्युटरवर उघडून पाटीवर झूम करा. पाटीवरचा फोन नंबर फोर केमध्ये जास्त स्वच्छ वाचता आला तर खरं, नुसताच मोठा आणि मऊ दिसला तर ताणलेलं. दुसरं, मेनूत जाऊन फोर के ठेवून स्टॅबिलायझेशन चालू होतंय का बघा, बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत ते फक्त १०८०लाच चालतं. मग दाखवायला फोर के आणि वापरायला १०८० अशी गत. मला विचाराल तर चांगल्या स्टॅबिलायझेशनचं १०८० कधीही बरं, मोबाईलवर बघणाऱ्याला फरक कळतही नाही.

तुमच्या मित्राशी मी सहमत आहे. सेकंड हँडमध्ये गोप्रो हीरो ७ ब्लॅक किंवा त्यापुढचा बघा. ७ ब्लॅक २०१८चा, हायपरस्मूथ नावाचं त्यांचं स्टॅबिलायझेशन त्याच्यापासून आलं आणि बाइकवाल्यांसाठी खरा फरक तिथे पडला. ९ पासून पुढे पण छोटा स्क्रीन आला, तो अँगल लावायला कामाचा. तुमच्या बजेटमध्ये डीजेआय कंपनीचा जुना ऑस्मो ॲक्शन मिळाला तर तोही चालेल. फक्त कुरिअरने मागवू नका, समोर बसून बघा. बॅटरीचं दार उघडा, आतला रबर फाटलाय किंवा त्यात वाळू आहे का बघा. बॅटरी बाहेर ओढताना अडकत असेल तर ती फुगलीय. लेन्स आकाशाकडे धरून चरे बघा. मग सगळ्यात वरच्या मोडला, स्टॅबिलायझेशन चालू ठेवून १५ मिनिटं रेकॉर्डिंग लावा आणि चहा प्या. हँग व्हायचा असेल तर एवढ्यात होतो. विकणारा म्हणाला एवढं कशाला बघताय, तर उठून या.

एक सावध करतो. २०२४ मध्ये गोप्रोने नुसता हीरो नावाचा छोटा कॅमेरा काढला, ८६ ग्रॅमचा. वजन बघून हेल्मेटला लावायचा मोह होतो, पण त्याची बॅटरी आतच बंद, बदलता येत नाही, आणि स्टॅबिलायझेशन कॅमेऱ्यात होत नाही, नंतर मोबाईलच्या ॲपमध्ये करावं लागतं. रविवारी रात्री बामणोलीहून थकून आल्यावर ते कोण करत बसणार.

आणि सगळे ९ हजार कॅमेऱ्यात घालू नका. चिन माउंट (हनुवटीवर कॅमेरा बसवायचा तुकडा), जादा बॅटरी, चार्जर, मेमरी कार्ड, माइक, हे धरत गेलात की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. कॅमेऱ्याला ६ धरा, बाकी मसाल्याला.

प्रश्न : मी ठाण्यात राहते, रोज घोडबंदर रोडने ॲक्टिवावर ऑफिसला जाते. मध्यंतरी एक कारवाला आरसा उडवून गेला, नंबर दिसलाच नाही. व्हिडिओ वगैरे मला करायचे नाहीत, फक्त पुरावा हवा. हेल्मेट कॅमेरा घेऊ का?

नको ताई. हेल्मेट कॅमेरा रोज चार्ज करायचा, रोज चालू करायचा, आणि तास-दीड तासात बॅटरी संपते. ज्या दिवशी घाईत विसराल नेमका त्याच दिवशी कुणीतरी आरसा उडवेल. तुम्हाला हवा तो गाडीला कायमचा बसवलेला डॅशकॅम, टू-व्हीलरसाठीचा, पुढे एक मागे एक असे दोन डोळे आणि सीटखाली रेकॉर्डिंगचा डबा. किल्ली फिरवली की सुरू, बंद केली की बंद, तुम्हाला काही लक्षात ठेवायला नको. दोन्ही लेन्स आयपी ६७ असाव्यात, म्हणजे धूळ आणि पाणी दोन्हीचं टेन्शन नाही. वायरिंग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून फ्यूज टाकून करून घ्या, गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि वायरच्या रंगावर विश्वास ठेवू देऊ नका, प्रत्येक किटमध्ये रंगांचा अर्थ वेगळा निघतो, मीटर लावूनच बघायला सांगा. एक वायर बॅटरीवर थेट आणि एक किल्लीच्या लाइनवर असते, ती उलटी बसली की चार दिवसांत बॅटरी उतरते.

आता नंबर प्लेटचं नीट सांगतो कारण इथे खूप लोक फसतात. कारची लांबडी प्लेट ५० सेंटिमीटर रुंद असते. १५० अंश वाइड लेन्सच्या १०८० कॅमेऱ्यात दर अंशाला जेमतेम १३ पिक्सेल येतात. ती कार १० मीटर पुढे गेली की प्लेट साधारण ३ अंशात मावते, म्हणजे ३७-३८ पिक्सेल, त्यात आपला एमएच धरून १० अक्षरं. एका अक्षराला ४ पिक्सेलसुद्धा नाहीत, ते देवालाही वाचता येणार नाही. खरं फोर के आणि ९० अंशाची लेन्स असेल तर तेच अक्षर १२ पिक्सेलचं होतं, दिवसा वाचता येतं. म्हणून डॅशकॅम घेताना अल्ट्रा वाइड, १७० डिग्री असलं काही मोठ्या अक्षरात लिहिलं असेल तर तो गुण समजू नका, आपल्या कामासाठी तो तोटा आहे.

रात्री तर आणखी अवघड. कमी उजेडात कॅमेरा एकेक फ्रेमला सेकंदाचा तिसावा भाग शटर उघडं ठेवतो, तेवढ्यात तुमच्यापेक्षा २० किलोमीटरने जास्त वेगात आडवी जाणारी कार १८ सेंटिमीटर सरकते, म्हणजे प्लेटचा तिसरा हिस्सा, सगळी अक्षरं एकमेकांत मिसळतात. यावर पैसे न लागणारा उपाय आहे, कॅमेऱ्याला माइक असेल तर नंबर दिसल्या क्षणी मोठ्याने बोला, गाडीचा रंग आणि मॉडेल पण बोला. डोळ्याला जे दिसलं ते आवाजात राहतं आणि घाबरलेल्या डोक्याला नंतर आठवत बसावं लागत नाही.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. तारीख-वेळ बरोबर लावा आणि मधूनमधून बघत जा. दुसरं, जी सेन्सर लो वर ठेवा. हा सेन्सर धक्का बसला की ती फाइल लॉक करतो, म्हणजे जुनं पुसून नवं लिहिताना ती पुसली जात नाही. कारसाठी उत्तम आहे, पण घोडबंदरच्या खड्ड्यांत त्याला प्रत्येक खड्डा म्हणजे अपघातच वाटतो, आठवड्यात कार्ड लॉक फाइलींनी भरतं आणि रेकॉर्डिंग गुपचूप बंद पडतं. दोन्ही कॅमेऱ्यांचं मिळून २४ एमबीपीएस (सेकंदाला २४ मेगाबिट, ८ बिट म्हणजे १ बाइट) धरलं तर तासाला ११ जीबी जातात, १२८ जीबीच्या कार्डात ११-१२ तासांचा माल मावतो, तुमचं चार-पाच दिवसांचं येणं-जाणं. काही घडलं तर त्याच दिवशी कार्ड काढून बाजूला ठेवा.

आणि ते फुटेज व्हॉट्सॲपवर फिरवलेलं म्हणजे पुरावा नव्हे, तिथे फाइल दाबून छोटी केली जाते. मूळ फाइल, मूळ कार्ड तसंच ठेवा, वर गाणं टाकू नका, ट्रिम करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्यातल्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून कॉम्प्युटरने काढलेला तिचा अंगठ्याचा ठसाच, लिहावी लागते. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते, म्हणून हात लावू नका म्हणतोय. बाकीचं वकील बघेल.

प्रश्न : माझ्याकडे बुलेट आहे आणि आयफोन आहे. हँडलला होल्डर लावून फोननेच शूट केलं तर कॅमेऱ्याचे पैसे वाचतील ना?

वाचतील, आणि फोनच्या कॅमेऱ्याला जातील. ॲपलनेच सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितलंय की मोठ्या इंजिनच्या मोटरसायकलच्या थरथरीने फोनचं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं, थेट हँडलला लावू नका. आत लेन्स चुंबकावर तरंगत असते, तिला सतत हलवत ठेवलं की कधीतरी फोकस पकडायचं सोडते. छोट्या स्कूटरला लावायचाच असेल तर थरथर शोषणारा माउंट वापरा असंही त्यांनी म्हटलंय, पण तुमची बुलेट आहे. हे फक्त आयफोनचंच नाही, ज्या कुठल्या फोनला ओआयएस, म्हणजे हेच ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन, आहे त्याला हा धोका आहेच. मॅपसाठी लावत असाल तर घरातला जुना, ओआयएस नसलेला फोन लावा आणि चांगला फोन खिशात ठेवा.

प्रश्न : मुलगा कॉलेजला आहे, हेल्मेटला कॅमेरा लावायचा म्हणून मागे लागलाय. स्क्रूने भोक पाडून पक्का बसवतो म्हणतो. हेल्मेटचं काही बिघडत नाही ना? काळजी वाटते.

काकू, भोक अजिबात नाही. त्याला ही ओळ वाचून दाखवा. आयएसआय मार्क त्या हेल्मेटला आहे तसं मिळालेला असतो, ड्रिल मारलेल्या हेल्मेटला नाही, आणि बाहेरच्या कवचाला भोक पाडलं की पडल्यावर तडा तिथूनच जातो.

चिन माउंट दोन प्रकारचे मिळतात, पट्ट्याचा आणि चिकटवायचा. पट्ट्याचा हलतो, चिकटवायचा बरा. चिकटवण्याआधी ती जागा स्पिरिटच्या ओल्या कापडाने पुसून पूर्ण सुकू द्यायची, पॅड मिनिटभर दाबून धरायचं, आणि मग २४ तास हात लावायचा नाही. लोक इथेच घाई करतात, संध्याकाळी चिकटवतात आणि सकाळी लोणावळ्याला निघतात, मग कॅमेरा खंडाळ्यात राहतो. बारीक दोरीने कॅमेरा हेल्मेटच्या पट्ट्याला बांधून ठेवला तर सुटला तरी मागच्या चाकाखाली जात नाही, पण दोरी आखूड आणि पातळच हवी, जोर आला की तुटणारी. आपटल्यावर माउंट निघून जायला हवा, डोकं अडकवून ठेवायला नको, टाळूवर लावू नये म्हणतात तेही यासाठीच. काढताना पेट्रोल-थिनर लावू देऊ नका, प्लॅस्टिकचं कवच त्याने आतून कमकुवत होतं आणि दिसत नाही. मासे पकडायचा नायलॉन दोरा मागून करवतीसारखा ओढला की पॅड निघतं.

वजनाचं म्हणाल तर डीजेआय ऑस्मो ॲक्शन ४ हा १४५ ग्रॅम, गोप्रो हीरो १२ हा १५४ ग्रॅम. तासाभरात काही वाटत नाही, दिवसभर वाऱ्यात मान दुखते. इन्स्टा३६०चा गो ३एस ३९ ग्रॅमचा आहे, पण तो बजेटच्या बाहेर जातो. आणि काकू, कॅमेरा आला की पोरं ॲक्सिलरेटर जरा जास्तच पिळतात हे खरं आहे, त्याला कुठला माउंट लावायचा ते मला माहीत नाही.

प्रश्न : पोलीस पकडतात का हेल्मेट कॅमेऱ्याला? नाशिकहून केरळला राइडचा प्लॅन आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकाचं हेल्मेट आणि त्याचा पट्टा नीट बांधलेला हवा एवढं आहे, कॅमेऱ्याचा शब्द नाही. पण केरळच्या मोटार वाहन खात्याने २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांवर कारवाई करायची असं जाहीर केलं होतं, १००० रुपये दंड आणि लायसन्स तीन महिने निलंबित, म्हणजे हेल्मेट नसल्यासारखंच धरायचं. त्यामुळे तिकडे जाताना छातीवरचा पट्टा बरोबर ठेवा, नाक्यावर वाद घालण्यापेक्षा ते सोपं. लष्करी हद्द, विमानतळ, फोटोला मनाई अशी पाटी, तिथे कॅमेरा बंद करा हे सांगायला नको.

प्रश्न : सगळं घेतलं पण व्हिडिओत नुसता घूं-घूं वारा, बोललेलं काहीच कळत नाही. माइक कुठला घेऊ?

माइक महागडा लागत नाही, जागा बदलायला लागते. वायरचा साधा कॉलर माइक घ्या, फुल फेस हेल्मेटच्या हनुवटीच्या आतल्या फोममध्ये खोचा, टोक ओठांच्या जरा बाजूला, समोर नको नाहीतर श्वास ऐकू येतो. वायर पॅडिंगच्या मागून फिरवून कानाजवळून बाहेर काढा. हवा माइकवर लागली नाही की झालं. कॅमेरा घेण्याआधी मात्र बाहेरचा माइक घेतो का ते बघा, कारण डीजेआयच्या ॲक्शन ३ आणि ४ ला टाइप सीमधून माइक जोडता येतो, बऱ्याच गोप्रोंना वेगळा महागडा ॲडॅप्टर लागतो आणि तो धरून हिशोब परत बदलतो. वॉटरप्रूफ डब्यात घातलेल्या कॅमेऱ्याचा आवाज तर गेलाच म्हणून समजा, त्यामुळे पाऊस नसताना डबा काढून ठेवा. तुमचं हेल्मेट ओपन फेस असेल तर मोबाईलच्या रेकॉर्डरवर जॅकेटच्या आत आवाज घ्या आणि घरी जोडा.

प्रश्न : ऑनलाइन सेलमध्ये ५१२ जीबीचं कार्ड ३५० रुपयात आहे. घेऊ का?

नको. आत १६-३२ जीबीच असतं आणि कार्ड ५१२ आहे असं खोटं सांगतं. रेकॉर्डिंग चालू दिसतं, घरी येऊन बघता तर अर्ध्या फाइली उघडत नाहीत. नावाजलेल्या कंपनीचं ६४ किंवा १२८ जीबीचं, व्ही ३० लिहिलेलं कार्ड घ्या, डॅशकॅमसाठी असेल तर हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं, आणि तुमचा कॅमेरा किती जीबीपर्यंत घेतो ते आधी मॅन्युअलमध्ये बघा. व्ही ३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं, १०० एमबीपीएसच्या फोर केला साडेबाराच लागतात, त्यामुळे त्यावरचं महाग घेण्यात अर्थ नाही. त्या वेगाने तासाला ४५ जीबी जातात, १०८०ला त्याच्या बरेच कमी. आल्या आल्या विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचतं, बरेच तास लागतात म्हणून रात्री लावून झोपा. खोटं निघालं तर रिटर्नची मुदत संपायच्या आत परत करा, आणि खरं निघालं तर फॉरमॅट मात्र कॅमेऱ्यातच करा, कॉम्प्युटरवर नको.